नागपूर-नागभीड: छोटी लाईन मोठी होताना

उमरेड-भिवापूर पट्ट्यात आजही नागपूर-नागभीड रेल्वेचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, वाघासाठी आमची गाडी अडवली. दुसऱ्याचं म्हणणं, गावकऱ्यांच्या गाडीचं नाव पुढे करून कोळशाची वाट मोकळी केली. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. पण हा वाद ‘वाघ की गाडी’ असा दोन टोकांचा का झाला, हे समजून घ्यायचं तर ‘गेज रूपांतर’ (रुळांमधलं अंतर वाढवून छोटी लाईन मोठी करणं) या दोन शब्दांकडे बारकाईने पाहावं लागतं. या मार्गाचं अर्धं भवितव्य त्या शब्दांनीच ठरवलं आहे.

मूळ लाईन विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांत होरपळून निघाला होता. त्यानंतरच्या वर्षांत कमी खर्चात टाकता येणाऱ्या अडीच फुटी नॅरोगेज रुळांचं जाळं गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा, नागपूर असं पसरत गेलं. नागपूरच्या इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी लाईन त्या जाळ्याचा दक्षिणेकडचा फाटा. नागभीडला ती गोंदिया-चांदा फोर्ट मार्गाला मिळायची. झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्याचं धान, बांबू, तेंदूपत्ता या वाटेने नागपूरच्या बाजारात यायचा.

शंभराहून थोडं जास्त किलोमीटर अंतराला ही गाडी चार तासांहून अधिक वेळ घ्यायची. माझी आत्या भिवापूरची, त्यामुळे हा प्रवास लहानपणी बऱ्याचदा घडला. डब्यात दुधाच्या कॅन, शेळ्या, आणि हंगामात भिवापुरी मिरचीची पोती. पोतं जरा सरकलं की अख्खा डबा शिंकायचा. उमरेड सोडल्यावर दोन्ही बाजूंचं जंगल इतकं जवळ यायचं की खिडकीतून हात काढला तर सागाचं पान हाताला लागायचं. रूळ जमिनीलगत होते, भराव जेमतेम गुडघाभर. जनावरं सहज ओलांडून जायची आणि हळू चालणारी गाडी त्यांना पाहून शिट्टी द्यायची. भरावाची ही उंची पुढे महत्त्वाची ठरते.

१९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याचं धोरण आलं. नव्वदच्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग ब्रॉडगेज झाला आणि नागभीडला येऊन मिळणारी ही लाईन एकटी मागे राहिली. मुख्य मार्गावर मोठ्या गाड्या आणि फाट्यावर छोटी, म्हणजे नागभीडला माल उतरवून पुन्हा चढवावा लागायचा. मालवाहतूक संपली आणि लाईन फक्त प्रवाशांच्या जिवावर तोट्यात चालू राहिली. रूपांतराची मागणी उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरली होती. निवडणुकीत तिचा उल्लेख व्हायचा, नंतर ती विसरली जायची. शेवटी गेल्या दशकात राज्य आणि रेल्वे यांच्या भागीदारीतल्या एका कंपनीकडे काम सोपवलं गेलं आणि पहिल्यांदा पैसा दिसला.

आता त्या शब्दाकडे. ‘रूपांतर’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तीच वाट, तेच रूळ, फक्त जरा रुंद. कागदोपत्रीही युक्तिवाद हाच होता: लाईन शंभर वर्षांची, जमीन रेल्वेचीच, नवं काहीच नाही, मग नवी परवानगी कशाला? ज्याने ती छोटी गाडी पाहिली आहे त्याला हे पटणं अवघड आहे. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटरवरून १६७६ मिलिमीटरवर जातं, दुपटीहून जास्त. पण खरा बदल रुंदीचा नाही. ब्रॉडगेजला जड मालगाड्या पेलणारा उंच, पक्का भराव लागतो. वळणं सरळ करावी लागतात, त्यासाठी काही ठिकाणी नवी जमीन लागते. वर विजेच्या तारा येतात. फाटकं काढून खालून बोगदे काढले जातात. आणि दिवसातून मोजक्या फेऱ्या करणाऱ्या, सायकलशी शर्यत लावता येईल अशा गाडीच्या जागी ताशी शंभर किलोमीटरपर्यंत धावू शकणाऱ्या गाड्या रात्रंदिवस येतात. याला जुन्या मार्गाचं रूपांतर म्हणायचं की जुन्या मार्गाच्या जागेवरचा नवा मार्ग, या एका प्रश्नावर बाकी सगळं अवलंबून होतं.

त्यात कायद्याची एक गाठ आहे. ती या भागातल्या फार थोड्या लोकांना कुणी समजावून सांगितली. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत रेल्वेमार्ग येतच नाहीत. मोठा महामार्ग करायचा तर अभ्यास अहवाल लागतो, जनसुनावणी लागते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा गावच्या मंडपात माणसं उभी राहून प्रश्न विचारू शकतात आणि ते नोंदवले जातात. रेल्वेला यातलं काहीच लागत नाही. ‘रूपांतर’ असो की नवी लाईन, जनसुनावणी नाही. त्यामुळे शंभर किलोमीटरच्या या मार्गावर, शेकडो शिवारांतून जाणाऱ्या भरावावर, लोकांना अधिकृतपणे बोलायला एकही जागा नव्हती. उरली फक्त वन्यजीव परवानगीची एक खिडकी, तीही अभयारण्यालगतच्या टप्प्यापुरती. सगळा वाद त्या खिडकीत कोंबला गेला. कुहीच्या शेतकऱ्याचा रस्त्याचा प्रश्न, भिवापूरच्या विद्यार्थ्याचा पासचा प्रश्न, मालगाडी किती आणि प्रवासी गाडी किती हा प्रश्न, यातलं काहीच त्या खिडकीतून आत जाणारं नव्हतं. आत गेला तो फक्त वाघ. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला हे भांडण वाघाचं आणि माणसाचं दिसलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हा आहे, आणि तो जंगलवाल्यांवर जितका झाला तितकाच गाववाल्यांवरही.

वाघाची बाजूही समजून घ्यायला हवी. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झालं. आकाराने ते लहान, दोनशे चौरस किलोमीटरांहूनही कमी. त्याचं मोल त्याच्या जागेत आहे. ताडोबा एका बाजूला, नागझिरा-नवेगाव दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हे. २०१३ मध्ये नागझिऱ्यातून चालत आलेला ‘जय’ हा वाघ इथेच स्थिरावला आणि त्याच्यामुळे उमरेडचं नाव देशभर पोचलं. एप्रिल २०१६ पासून तो दिसला नाही, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचा संदेशही थांबला. तो जसा आला, तसेच वाघ या पट्ट्यातून ये-जा करतात. शेताच्या बांधावरून, बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठाने, नाल्यांतून. रेल्वेमार्ग उमरेड ते भिवापूर या टप्प्यात नेमक्या याच ये-जा करण्याच्या जागेतून, अभयारण्याच्या अगदी जवळून जातो. शिवाय याच पट्ट्यात आधीच रुंद झालेला उमरेड रस्ता आहे, आणि काठ सरळ असल्यामुळे पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही असा गोसेखुर्दचा उजवा कालवा आहे. रेल्वेचा उंच भराव ही तिसरी भिंत.

‘रेल्वेने वाघ मरतात हे कशावरून?’ असा प्रश्न त्या वेळी सभांत विचारला जायचा. त्याचं उत्तर शेजारच्याच, याआधी ‘रूपांतरित’ झालेल्या मार्गावर मिळालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीजवळ गोंदिया-बल्लारशा मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. सकाळी रुळांच्या कडेला तीन लहान देह सापडले. जिथे जंगल फाडून गेलेली लाईन नव्वदच्या दशकात कुठल्याही उपाययोजनेशिवाय मोठी केली होती, तिथे हे घडलं. नागभीडच्या फाट्यावर तीच चूक पुन्हा होऊ नये एवढीच सुरुवातीची मागणी होती. वन्यजीवांसाठी बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रेल्वे नकोच असं कधी म्हटलं नव्हतं. जंगलाचा टप्पा खांबांवरून उचलून न्या, ते जमत नसेल तर मार्ग रस्त्याला समांतर सरकवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यावर उत्तर आलं ते खर्चाचं. इथे नागपूरकरांना मनसर-खवासा रस्ता आठवायला हरकत नाही. पेंचच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी करताना हाच वाद झाला, वर्षानुवर्षं कोर्टात गेला, आणि तिथेही ‘एवढा खर्च कोण करणार’ हेच ऐकवलं गेलं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी नऊ बांधकामं झाली, ५० मीटरपासून ७५० मीटर लांबीपर्यंत. मार्च ते डिसेंबर २०१९ मध्ये तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले, वाघासह. वरून ट्रक, खालून वाघ. ज्यांनी हे पाहिलं त्यांना उमरेडचा उन्नत मार्ग हे स्वप्नरंजन वाटत नव्हतं.

आणि याच सुमारास तो निर्णय झाला, ज्याने उरलासुरला संवाद संपवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये छोटी गाडी बंद केली गेली. वन्यजीव परवानगीचा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता, आणि ते ठाऊक असूनही गाडी थांबवली आणि रूळ उखडायला घेतले. काम लवकर व्हावं म्हणून मार्ग रिकामा हवा, हे कारण समजण्यासारखं आहे. पण नागपूर-छिंदवाड्याचा अनुभव ताजा होता. ती छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस बंद झाली होती आणि तिथल्या लोकांनी पूर्ण मार्गासाठी पाच वर्षांहून अधिक वाट पाहिली. म्हणजे उशीर होऊ शकतो हे सर्वांना माहीत होतं. इथे जंगलाचा टप्पा नसलेल्या इतवारी-उमरेड भागात काम करत पुढच्या भागात गाडी चालू ठेवता आली असती, किंवा निदान परवानगीचा निकाल लागेपर्यंत थांबता आलं असतं. तसं झालं नाही.

परिणाम काय झाला ते भिवापूरच्या बसस्टँडवर दिसत होतं. आत्याच्या शेजारचा मुलगा नागपूरला कॉलेजला जायचा, रेल्वेच्या पासावर. गाडी बंद झाल्यावर एसटीचं भाडं परवडेना म्हणून आठवड्यातून दोनच दिवस जाऊ लागला, पुढे तेही सुटलं. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी इस्पितळात, तपासणीला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे हाल वेगळेच. त्यात २०२० मध्ये कोविडने सगळंच ठप्प केलं. मग जेव्हा परवानगी अडली आहे अशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हा या माणसांना एकच चित्र दिसलं: आपली गाडी गेली आणि नवी गाडी वाघवाल्यांनी रोखली. गाडी परवानगीच्या आधी कुणी बंद केली, हा प्रश्न त्या रागात बुडून गेला. मोर्चे वन्यजीवप्रेमींच्या विरोधात निघाले. राजकीय व्यासपीठांवरून ‘विकासाच्या आड येणारे’ असे शब्द वापरले गेले. माझ्या माहितीतल्या एका पक्षीनिरीक्षकाने त्या काळात उमरेडला जाणंच सोडलं होतं.

आणखी एक शब्दाचा घोळ इथेच झाला. ‘कॉरिडॉर’ हा शब्द दोन्ही बाजू वापरत होत्या. जंगलवाल्यांचा कॉरिडॉर म्हणजे ताडोबा ते नागझिरा ही वाघाची वाट, नागपूरच्या व्यापारी मंडळींचा कॉरिडॉर म्हणजे दक्षिणेकडे जाणारा पर्यायी मालमार्ग, वर्धा-बल्लारशा मार्गावरची गर्दी टाळणारा. दुसरा अर्थ गावच्या सभांत कुणी फारसा उलगडून सांगितला नाही. तो सांगितला असता तर ‘ही लाईन प्रामुख्याने कोणासाठी?’ हा प्रश्न भिवापूरच्या माणसानेही विचारला असता.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. उन्नत मार्गाचा आग्रह मागे पडला, अंडरपास, कुंपण, वेगावर नियंत्रण अशा अटींची चर्चा झाली, काम पुढे सरकलं. जंगल टप्प्यात किती अंडरपास, किती रुंद, किती उंच, यावर दोन्ही बाजूंचे जाणकार अजून भांडतात. नाल्यावरचा पूल मोजून त्यालाच जनावरांचा मार्ग म्हणायचं की नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या नाल्यातून वाघीण पिल्लांना घेऊन जात नाही, हे या भागातला गुराखीही सांगेल.

नेमकी हीच अडचण भरावाच्या दुसऱ्या टोकाला शेतकऱ्याचीही आहे, पण ती कुठल्याच खिडकीत नोंदली गेली नाही. फाटकाच्या जागी आलेले सिमेंटचे बोगदे उंचीला बेताचे असतात. धानाचे भारे लादलेला ट्रॅक्टर त्यातून जात नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बांध्यांचं पाणी उतरलं की तिथे कमरेइतकं साचतं. गेल्या पावसाळ्यात कुही तालुक्यातल्या अशाच एका बोगद्यापाशी मी थांबलो होतो. अलीकडे एक बाई डोक्यावर परह्यांची (धानाच्या रोपांची) पेंढी घेऊन उभी होती, पलीकडे तिची रोवणी चालली होती. तिने साडी खोचली, पाण्याचा अंदाज घेतला, आणि भराव चढून रुळांवरून पलीकडे उतरली.