चित्ता, हत्तीण आणि खिडकीतला राघू

२०२५ च्या जुलैअखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी गावाने आपल्या हत्तिणीला निरोप दिला. तिथल्या जैन मठातली महादेवी, लोकांच्या तोंडी माधुरी, १९९२ पासून गावात होती. तिला जामनगरच्या ‘वनतारा’ या अंबानींच्या केंद्रात हलवावं असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलैला दिला आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पायांच्या जखमा, संधिवात आणि एकटेपणा हे मुद्दे न्यायालयापुढे होते. निरोपाच्या वेळी माणसं ढसाढसा रडली. मग मोर्चे निघाले, रागाच्या भरात अंबानींच्याच जिओची सिमकार्डंही बदलली गेली आणि पुढे नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला.

‘ती आमच्या घरचीच होती,’ हे वाक्य त्या दिवसांत सगळीकडे ऐकू येत होतं. ते खोटं नव्हतं. पण घरची म्हणजे पाळीव का, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. गाय, शेळी, कुत्रा पाळीव. हत्ती, पोपट, माकड माणसाळलेले. माणसाळणं एका जनावराच्या आयुष्यात घडतं, आणि ते जनावर मेलं की त्याच्याबरोबर संपतं. पाळीव होण्याला कित्येक पिढ्या लागतात, आणि प्रत्येक पिढीत कुणाची वीण ठेवायची हे माणसाने निवडावं लागतं. रशियात नोवोसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव्ह यांनी १९५९ मध्ये कोल्ह्यांवर नेमका हाच प्रयोग सुरू केला. दर पिढीतले सगळ्यांत कमी बुजणारे कोल्हे तेवढे विणीसाठी ठेवायचे. काही पिढ्यांतच शेपटी हलवत माणसाकडे धावणारी पिल्लं जन्मू लागली. आपल्याकडे हत्ती हजारो वर्षं माणसाजवळ आहे, पण त्याच्या बाबतीत असं काहीच झालं नाही. जंगलातून पकडायचा, उपासमार आणि अंकुश यांनी वठणीवर आणायचा, कामाला लावायचा, मेला की दुसरा पकडायचा. म्हैसूरकडे हत्तींचे कळप हाकत नेऊन कोंडण्याच्या पद्धतीला खेड्डा म्हणत. शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये झाला, म्हणजे तो पाहिलेली माणसं आजही असतील.

हे ‘मेला की दुसरा’ प्रकरण समजून घ्यायचं तर कोल्हापुरातच थांबावं. हत्तींची साठमारी, म्हणजे चिडवलेल्या हत्तीशी माणसांनी खेळायची झुंज, आणि चित्त्याकरवी शिकार, हे दोन्ही षौक या संस्थानाने मनापासून केले. चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर न्यायचं, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची आणि सोडायचं. काळवीट पडलं की चित्तेवान धावत जाऊन चित्त्याला थोडं रक्त-मांस देई आणि पुन्हा टोपी चढवी. या कामाला बछडं चालत नसे. आईने शिकार शिकवलेली नसली तर चित्ता काळविटामागे नीट धावतच नाही, म्हणून जंगलातून वयात आलेलाच चित्ता पकडावा लागे. विदर्भात आणि मध्य प्रांतात चित्ते धरण्यात तरबेज असलेल्या पारध्यांना चित्ता-पारधी असंच नाव होतं. धरलेल्या चित्त्याला आधी बाजेला बांधून ठेवत. बायापोरांचा गलका, बाजारातली वर्दळ, कुत्र्यांचं भुंकणं यांना तो सरावला की मग शिकारीची तालीम सुरू होई.

अकबराजवळ एका वेळी हजार चित्ते होते असं सांगतात. आकडा थोडा फुगलेला धरला, तरी एवढ्या चित्त्यांतून वीण किती झाली? जहांगिराच्या नोंदींत चित्त्याच्या मादीला तीन पिल्लं झाल्याचा प्रसंग मोठं नवल म्हणून येतो. बंदिवासात चित्ता सहसा वीत नाही, हे त्या काळीही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता जंगलातून कमी झालेला, तोही ऐन विणीच्या वयात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या राजाने तीन चित्ते मारले. आपल्याकडच्या चित्त्यांची ती शेवटची पक्की नोंद. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. बंदूक आणि माळरानांवर फिरलेले नांगर हे दोषी आहेतच, पण त्यांच्याआधी काही शतकं साखळी आपलं काम करत होती.

राघूची गोष्ट याहून जुनी आणि घराघरातली आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या पोपटाचा दृष्टान्त येतो. त्याच्या वजनाने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि आपण अडकलोच असं समजून नळी घट्ट धरून ठेवतो. दृष्टान्त जीवाच्या भ्रमाचा आहे, पण ऐकणाऱ्याला ही नळी ओळखीची असल्याशिवाय तो दिला गेला नसता. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही पोपट धरण्याची युक्ती इथे सर्वांना माहीत होती. आमच्या लहानपणी प्रत्येक आळीत एखादा तरी पिंजरा टांगलेला असायचा. त्यात मिरची, पेरूची फोड, भिजवलेली डाळ आणि ‘विठू विठू’ म्हणण्याची सक्ती. हा विठू आला कुठून, हे कुणी विचारत नसे. तो यायचा झाडाच्या ढोलीतून. पोपटांची वीण हिवाळ्याच्या शेवटी सुरू होते. डोळे उघडलेली, पंख न फुटलेली पिल्लं तेव्हा ढोलीतून काढून खोक्यांत भरतात. ढोली मोठी करण्यासाठी खोड फोडलं की पुढच्या वर्षीची जागाही गेली. खोक्यातली सगळी पिल्लं बाजारापर्यंत जिवंत पोचत नाहीत.

आता कायद्याकडे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली ती १९९०-९१ मध्ये. म्हणजे खिडकीतला हिरवा राघू गेली पस्तीस वर्षं बेकायदा आहे, आणि हे अजून अर्ध्या महाराष्ट्राला ठाऊक नाही. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तो दुसऱ्या अनुसूचीत गेला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हत्तीला मात्र कायद्याने पहिल्यापासून वेगळी चूल मांडून दिली. मालकीचं प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या दुरुस्तीने ‘धार्मिक किंवा अन्य कारणासाठी’ हस्तांतराची वाटही ठेवली. नांदणीचा पेच एका मठाचा वाटला, तरी त्याचं मूळ या सवलतीत आहे.

कायद्याची धार कुणावर चालली, हेही पाहायला हवं. दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा, पोरांना भीती जावी म्हणून अस्वलाच्या पाठीवर बसवायचा, केस ताईतात घालायला द्यायचा. त्या अस्वलाच्या आईला मारून पिल्लू आणलेलं असे, तापलेल्या सळईने त्याच्या नाकाडात भोक पाडून दोरी ओवलेली असे आणि दात पाडलेले असत. हे थांबायलाच हवं होतं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळांवरची बंदी उचलून धरली आणि २००९ पर्यंत रस्त्यावरची अस्वलं बंद झाली. दरवेशी, गारुडी, माकडवाला यांचं पोट त्यावर होतं आणि ते गेलं.

त्याच सुमारास दुसरीकडे वेगळीच हौस वाढत होती. फार्महाउसवर मकाव पोपट, फ्लॅटमध्ये इग्वाना सरडा, काचेच्या पेटीत बॉल पायथन हा अजगर. १९७२ चा कायदा मुळात देशी प्राण्यांचा. परदेशी प्राणी विमानतळ ओलांडून आत आला की त्याला विचारणारं कुणी नव्हतं. जून २०२० मध्ये केंद्राने स्वेच्छा घोषणेची योजना आणली. सहा महिन्यांत कळवलंत तर कागदपत्रं मागणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. दरवेश्याला अशी सवलत कुणी दिली नव्हती, एवढं नोंदवून पुढे जातो. नोंदणीची सक्ती यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या, म्हणजे साइटिसच्या यादीतल्या प्राण्यांची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला मालकांना ऑगस्टअखेरपर्यंत मुदत मिळाली. मधल्या काळात काय चाललं होतं, ते एप्रिल २०२२ मध्ये दिसलं. उत्तर बंगालमध्ये जलपायगुडीकडच्या रस्त्यांवर चक्क कांगारू सापडले. बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्या सामानात मोज्यांत गुंडाळलेले सरडे नि माकडांची पिल्लं निघणं तर आता बातमी म्हणूनही शिळं झालं आहे.

धोका दोन्ही बाजूंनी असतो. माकडाचं पिल्लू दुपट्यात गुंडाळून दुधाची बाटली लावावी इतकं गोड असतं. चार-पाच वर्षांत ते वयात येतं आणि घरात आपली जागा ठरवू पाहतं. ती जागा ते दातांनी ठरवतं. २००३ मध्ये अमेरिकेत घानाहून आणलेल्या मोठ्या उंदरांकडून हौसेने पाळल्या जाणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्रेअरी डॉगला आणि त्यांच्याकडून ४७ माणसांना मंकीपॉक्स झाला. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. उलट बाजूला, ‘लक्ष्मी येते’ म्हणून टबात ठेवलेलं चांदणी कासव गवताऐवजी पोळी-भात खातं आणि त्याच्या पाठीवर वेडेवाकडे उंचवटे येतात. ते मग कधीच जात नाहीत.

प्रेमाचं काय, हा प्रश्न उरतोच आणि तो खोडून काढता येत नाही. अमेठीजवळच्या एका शेतकऱ्याने जखमी सारसाचा पाय बरा केला. पिंजरा नव्हता, दोरी नव्हती, तरी पक्षी वर्षभर त्याच्या दुचाकीमागे उडत राहिला. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने तो नेला आणि शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला. मला यात खात्याचा घाईगर्दीचा कारभार दिसतो. मोकळ्या पक्ष्याची सोडवणूक त्याला पिंजऱ्यात ठेवून कशी होते, हे मला अजून उमगलेलं नाही. हेमलकशाला प्रकाश आमट्यांचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं, तेही शिकारीत आई मेलेल्या एका माकडाच्या पिल्लापासून. तिथले फोटो पाहून बिबट्या घरी ठेवावासा वाटणारे लोक त्या पिल्लाची आई विसरतात.

घरात राघू असेल आणि हे वाचून मन खाऊ लागलं, तर खिडकीत पिंजरा उघडून मोकळं होऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याच्या पंखांत बळ नसतं. खाणं शोधता येत नाही, मांजर आणि घार ओळखता येत नाही. तो समोरच्याच गॅलरीत जाऊन ‘विठू विठू’ म्हणत बसतो आणि संध्याकाळपर्यंत कावळे त्याला गाठतात. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. उपचार केंद्रात अशा पक्ष्यांना आधी मोठ्या जाळीत उडायला शिकवतात, मग इतर पोपटांच्या थव्यात राहू देतात. याला काही महिने लागतात. जे पक्षी तरीही माणसाच्याच खांद्यावर येऊन बसतात, ते तिथेच ठेवून घ्यावे लागतात.