सफारीसाठी शिकारी रायफलींचा परदेशप्रवास

आफ्रिकेतील शिकारसफारीसाठी स्वतःची रायफल विमानाने नेणे, तेथील सरकारकडून ती तात्पुरती आत आणण्याचा परवाना काढणे आणि मुक्काम संपल्यावर तीच रायफल परत आणणे, या सर्व व्यवहारास इथे शिकारी रायफलींचा परदेशप्रवास म्हटले आहे. हा प्रवास मुख्यतः दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिंबाब्वे, टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक या देशांकडे होतो. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बोट्स्वानाने ती २०१४ मध्ये घातली आणि २०१९ मध्ये उठवली. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीतला, मूळ अरबी ‘सफर’. मराठीतली ‘सफर’ही तिथूनच आली.

रायफल कायदेशीर असणे एवढ्याने भागत नाही. निघण्याचा देश, विमान कंपनी, विमान बदलण्याचा देश आणि पोहोचण्याचा देश अशा चौघांची संमती लागते आणि एकाची संमती दुसऱ्याला बांधील नसते. मालकी सिद्ध करणारा कागद, विमान कंपनीची पूर्वपरवानगी, शिकारसफारी आयोजकाचे निमंत्रणपत्र आणि आयातीचा अर्ज या चारही ठिकाणी एकच अनुक्रमांक अक्षरशः सारखा असावा लागतो. अडवणूक बहुधा इथेच होते. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची गल्लत होते. जुन्या माउझर रायफलींवर रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा), बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा, हाताने सरकवायचा दांडा) आणि नळी यांवर वेगवेगळे क्रमांक असू शकतात. काही रायफलींचा क्रमांक स्कोपच्या (नेम धरण्याच्या दुर्बिणीच्या) माउंटखाली, म्हणजे बैठकीखाली झाकला जातो. अधिकारी कागदावरचा आकडा धातूवर शोधतो आणि तो सापडेपर्यंत रायफल त्याच्या ताब्यात राहते. म्हणून घरीच भिंगाखाली क्रमांक वाचून तो जसाच्या तसा उतरवावा, त्याचे स्पष्ट छायाचित्र काढावे आणि रिसीव्हरवरचा क्रमांक कोणता, तेही टिपून ठेवावे.

मालकीचा कागद

अमेरिकेतून निघणारे प्रवासी सीबीपी (अमेरिकी सीमाशुल्क खाते) ४४५७ हा नमुना वापरतात. रायफल घेऊन सीमाशुल्क कार्यालयात जायचे, अधिकारी क्रमांक पाहून सही-शिक्का करतो, शुल्क नाही. हे काम निघण्याच्या दिवशी विमानतळावर करण्यापेक्षा काही आठवडे आधी उरकलेले बरे. खरे तर हा नमुना परतताना ‘ही वस्तू आधीपासून माझीच होती’ हे दाखवण्यासाठी आहे, मालकीचा दाखला म्हणून नव्हे. पण अमेरिकेत सर्वांना लागू असा बंदूक परवाना नसल्याने आफ्रिकी पोलीस त्यालाच परवान्याच्या जागी धरतात. नमुन्याच्या कोपऱ्यात छापलेली मुदत त्या छापील आवृत्तीची असते, प्रमाणपत्राची नव्हे. तरीही ती उलटलेली दिसली की दक्षिण आफ्रिकेत वाद होतो, म्हणून चालू आवृत्तीवरच शिक्का घ्यावा. निर्यातीच्या बाजूने अमेरिकी नियम सामानासोबत तीन अस्वयंचलित बंदुका आणि १,००० काडतुसांपर्यंत वेगळ्या परवान्याविना सूट देतात.

ब्रिटनमधील प्रवाशाला तिथले बंदूक प्रमाणपत्र पुरते. युरोपीय संघातील रहिवाशाकडे युरोपीय बंदूक पासही असतो. संघातील दुसऱ्या देशात विमान बदलताना तो हाताशी लागतो. मित्राची रायफल उसनी नेणे टाळावे. कागद ज्याच्या नावाने, पासपोर्टही त्याचाच हवा.

कोणती रायफल, किती

अर्धस्वयंचलित रायफल घरीच राहू द्यावी. आफ्रिकेतील बहुतेक देश ती आत येऊ देत नाहीत. बोल्ट-ॲक्शन, एकबारी किंवा दुनळी रायफलच न्यावी. हरिणवर्गीय प्राण्यांसाठी .३०-०६ किंवा ७ मिमी वर्गातील (ही काडतुसांची नावे) एक आणि रानम्हशीसाठी .३७५ एच अँड एच ही जोडी रूढ आहे. १९१२ पासून चालत आलेले हे दुसरे काडतूस अनेक देशांत धोकादायक प्राण्यांसाठी किमान मर्यादा मानले जाते, शिवाय सामान हरवले तर आयोजकाच्या कपाटात सापडण्याची शक्यता त्याचीच जास्त. नामिबिया कॅलिबरऐवजी (नळीच्या आतील व्यासाऐवजी) नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा मोजतो: स्प्रिंगबॉकसारख्या लहान प्राण्यांना किमान १,३५० ज्यूल, कुडू व एलंड या मोठ्या हरिणांना २,७००, धोकादायक प्राण्यांना ५,४००.

नळ्या बदलता येणाऱ्या रायफली सोयीच्या वाटतात. पण नळी हा कायद्याने नियंत्रित भाग असल्याने प्रत्येक नळीचे कॅलिबर आणि क्रमांक अर्जात वेगळे लिहावे लागतात. दोनच रायफली नेणे सर्वांत शहाणपणाचे. तिसरीने कागद वाढतात, वजन वाढते आणि ती बहुधा पेटीतच पडून राहते.

पेटी

कठीण कवचाची, प्रत्येक कडीला कुलूप लागणारी पेटी हवी. परीक्षा सोपी: कुलपे लावून एक कोपरा जोराने उचकटून पाहावा. फटीतून बोटे आत गेली, तर तपासनीस ती पेटी नाकारू शकतो. सुमारे ११५ सेंमी लांबीच्या रायफलीला १३० सेंमीची पेटी लागते. रिकामी पेटी, दोन रायफली आणि स्कोप मिळून वजन २३ किलोच्या जवळ सहज जाते. म्हणून बूट आणि कपडे पेटीत कोंबू नयेत. नळी वेगळी होणारी रायफल आखूड पेटीत मावते, आणि बाहेरून बंदूक न वाटणारी पेटी चोराच्या नजरेतही कमी भरते.

बोल्ट काढून, मोज्यात गुंडाळून त्याच पेटीत ठेवावा. हातातल्या बॅगेत तो चालत नाही. अमेरिकेत बोल्ट, मॅगझिन आणि फायरिंग पिन केबिनमध्ये नेण्यास मनाई आहे, स्कोप मात्र नेता येतो. बोल्ट घरच्या तिजोरीत विसरणे किंवा दोन सारख्या रायफलींचे बोल्ट अदलाबदल होणे, हे वाटते तितके दुर्मीळ नाही. सुरक्षारक्षकांच्या मास्टर किल्लीने उघडणारी कुलुपे अमेरिकेत चालतात, तरी जाणकार ती टाळतात. किल्ली प्रवाशाकडेच असावी आणि पेटी उघडायची झाल्यास त्याच्यासमोर उघडली जावी हे बरे. त्यासाठी पेटी सोपवल्यावर तपासणी संपल्याचा निरोप मिळेपर्यंत काउंटरजवळच थांबावे.

ज्वालाग्राही सफाई द्रावण सामानात चालत नाही. लेसर अंतरमापकाच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात.

काडतुसे

आंतरराष्ट्रीय हवाई नियमांनुसार एका प्रवाशाला वेष्टनासह ५ किलो काडतुसे नेता येतात, तीही विमान कंपनीच्या संमतीने आणि सोपवलेल्या सामानातच. दोघांचा वाटा एका पेटीत एकत्र करता येत नाही. पतीची ५ आणि पत्नीची ५ मिळून १० किलोची एक पेटी परत पाठवली जाते. १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) गोळीचे .३०-०६ काडतूस सुमारे २८ ग्रॅमचे, ३०० ग्रेनचे .३७५ सुमारे ४३ ग्रॅमचे. म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा कायदा रायफलीमागे २०० काडतुसे देतो खरा, पण .३७५ ची शंभराच्या थोडी वर गेली की विमानाचा काटाच आडवा येतो. व्यवहारात रायफलीमागे ४० ते ६० काडतुसे पुरतात.

अमेरिकेतील नियम रायफलीच्याच पेटीत काडतुसे ठेवू देतात. पुढची विमान कंपनी अनेकदा देत नाही. म्हणून ती सुरुवातीपासूनच वेगळ्या, कुलूप लागणाऱ्या लहान पेटीत, मूळ खोक्यांत ठेवून दुसऱ्या बॅगेत घालावीत. काडतुसाच्या बुडावर कोरलेले नाव नळीवरील नावाशी जुळले पाहिजे. .३०-०६ च्या कवचापासून घरी बनवलेले .३५ व्हेलन उत्तम उडेल, पण बुडावर ‘.३०-०६’ वाचणाऱ्या पोलिसाला ते समजावून सांगणे कठीण. सुटी दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) विमानात नेताच येत नाहीत, त्यामुळे काळ्या दारूच्या बंदुकीने शिकार करणाऱ्याला ती सामग्री तिथेच मिळवावी लागते.

निघण्याआधी शिकारी जॅकेटचा प्रत्येक खिसा आणि केबिन बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा. गेल्या मोसमातले एकच विसरलेले काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसले, तर विमान चुकते आणि काही देशांत अटकही होते. शिकारीची बॅग केबिन बॅग म्हणून वापरूच नये.

मधला थांबा

मार्ग निवडताना भाड्यापेक्षा थांबा पाहावा. सामान थेट अंतिम स्थानापर्यंत एकाच तिकिटावर जात असेल, तर बंदूक बहुतेक ठिकाणी सीमाशुल्काच्या आतच एका विमानातून दुसऱ्यात जाते. दोन वेगळी तिकिटे असली, की मधल्या विमानतळावर पेटी पट्ट्यावर येते. ती उचलल्याक्षणी प्रवासी त्या देशात बंदूक आयात करत असतो, मग तिथला परवाना नसेल तर गुन्हा. रात्रीच्या मुक्कामाचेही हेच. नेदरलँड्स तर केवळ विमान बदलण्यासाठीही सीमाशुल्क विभागाची पूर्वसंमती मागतो, त्यामुळे ॲम्स्टरडॅममार्गे जाणाऱ्याने अर्ज आधीच करावा लागतो. आखाती विमानतळांवरही पूर्वपरवानगीशिवाय जाऊ नये.

विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवावे आणि लेखी होकार छापून सोबत ठेवावा. एका तिकिटावर दोन कंपन्यांची विमाने असतील, तर होकार दोघींचाही हवा. काउंटरवरील कर्मचाऱ्याला नियम माहीत असतीलच असे नाही. छापील कागद तिथे वाद मिटवतो.

दक्षिण आफ्रिकेतील प्रवेश

सर्वाधिक वर्दळ जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावर असते. तात्पुरत्या आयातीचा अर्ज म्हणजे एसएपीएस (दक्षिण आफ्रिकी पोलीस सेवा) ५२०. तो काळ्या शाईत भरायचा आणि सही मात्र पोलीस अधिकाऱ्यासमोरच करायची. घरून सही करून आणलेला अर्ज नव्याने भरावा लागू शकतो, म्हणून एक कोरी प्रत जवळ असावी. सोबत पासपोर्टची प्रत, परतीचे तिकीट, मालकीचा कागद, शिकारीचे ठिकाण व तारखा असलेले आयोजकाचे निमंत्रणपत्र आणि बंदूक आणण्याचे कारण सांगणारे स्वतःचे पत्र लागते. वय किमान २१. साधारणपणे एका कॅलिबरची एकच रायफल चालते; .३७५ च्या दोन आणल्या तर एक अडकते.

पेट्या सामानाच्या पट्ट्यावर येत नाहीत. कर्मचारी त्या पोलिसांच्या बंदूक कक्षात नेतात. तिथे क्रमांक जुळवून, काडतुसे मोजून परवाना मिळतो. परवाना हातात आल्यावर त्यावरील प्रत्येक क्रमांक तिथेच, खिडकीसमोर उभे राहून पुन्हा वाचावा. लिहिताना झालेली चूक परतीच्या दिवशी सुधारणे फार अवघड जाते. आधीच मंजुरी मागवण्याचीही सोय आहे आणि ती कामे मध्यस्थ संस्था शुल्क घेऊन करतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला तो खर्च वाया गेला असे सहसा वाटत नाही. पुढचे देशांतर्गत विमान पकडायचे असल्यास मध्ये किमान ४ तास ठेवावेत.

दक्षिण आफ्रिकेतून झिंबाब्वेत जाऊन परत यायचे असेल, तर बहुप्रवेश परवाना सुरुवातीलाच मागावा. सामान थेट झिंबाब्वेपर्यंत नोंदवले असेल आणि जोहान्सबर्गला रात्र काढायची नसेल, तर हा कागद लागत नाही.

अन्यत्र

नामिबिया विंडहुकच्या विमानतळावरच, एका साध्या अर्जावर परवाना देतो. हे सर्वांत सुटसुटीत. शिकारीसाठी पिस्तूल तिथे चालत नाही. झिंबाब्वेही प्रवेशस्थानी परवाना देतो. टांझानिया आणि मोझांबिक येथे आयोजकाने अनेक आठवडे आधी परवाना काढलेला असावा लागतो, त्यामुळे आयत्या वेळी रायफल बदलता येत नाही. या देशांत शिकारीच्या तळावर जाणारी लहान विमाने बऱ्याचदा १५ ते २० किलोच्या मऊ बॅगाच घेतात. मोठ्या पेटीत घडी केलेले मऊ खोळ ठेवले, तर कठीण पेटी शहरात सोडून रायफल पुढे नेता येते.

तळावर

प्रवासाने रायफलीचा नेम सरकतो, हे गृहीतच धरावे. विमानाच्या पोटातून दमट हवेत आलेल्या धातूवर दव धरते. पेटी उघडून नळी पुसावी, स्कोपच्या कड्यांचे स्क्रू तपासावेत. कड्यांना साधारण १.७ ते २.३ न्यूटन-मीटर बळ पुरते. जास्त आवळल्यास स्कोपची नळी दबते. लाकडी दस्ता हवेतील ओलाव्याने फुगला तर नळीला टेकतो आणि गोळ्या एका बाजूला जातात. तेल लावलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी वेगळी पडू शकते, म्हणून तीन-चार गोळ्या लक्ष्यावर मारून मगच निघावे. आधीच नेम साधलेला दुसरा स्कोप, चटकन निघणाऱ्या माउंटसह, केबिन बॅगेत असला तर हादरून बिघडलेल्या स्कोपने शिकार वाया जात नाही.

परतताना

विमानतळावर काउंटरच्या आधी पोलिसांकडे परवाना दाखवून पुन्हा क्रमांक तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी ३ तास राखावेत. उरलेली काडतुसे मार्गदर्शक शिकाऱ्याला किंवा माग काढणाऱ्याला भेट देण्याचा मोह होतो. परवाना फक्त स्वतःच्या वापरापुरता असल्याने ती देणे बेकायदा ठरते; ती परत आणावीत किंवा तळावरच लक्ष्यावर मारून संपवावीत. रायफलही कोणाकडे ‘पुढच्या वर्षीपर्यंत’ ठेवता येत नाही. शिकारीच्या कातड्या-शिंगांचे कागद हा वेगळा विषय आहे आणि ती बहुधा महिन्यांनंतर मालवाहतुकीने येतात.

हे सर्व टाळायचे असल्यास बहुतेक आयोजक दिवसाच्या भाड्याने रायफल देतात. भाड्याच्या रायफलीचा दस्ता लांबीला जुळेलच असे नाही आणि तिचा ट्रिगर अनोळखी असतो; डावखुऱ्याला तर डावा बोल्ट क्वचितच मिळतो. एका रानम्हशीसाठी आठवडाभर जाणाऱ्याला आयोजकाची .३७५ पुरते. दूरवरच्या हरिणांवर नेम धरायचा असेल, तर ओळखीची रायफल नेण्याचा त्रास सार्थकी लागतो.