जुना नर्फ ब्लास्टर: पल्ला नको, वेग मोजा

नर्फचा ‘मॅव्हेरिक’ हा सहा डार्टचा ब्लास्टर, म्हणजे फोमचे छोटे बाण (डार्ट) उडवणारी खेळण्यातली बंदूक, २००५ साली आला. असा जुना ब्लास्टर हाती पडला की बहुतेक जण डार्ट किती लांब जातो तेच पाहतात. माझ्या मते ही परीक्षा फसवी आहे. फोमचा डार्ट जेमतेम १ ग्रॅमचा. वेग सेकंदाला १२ मीटर असला, तरी हवेचा विरोध डार्टच्या वजनाच्या जवळपास पोहोचतो. वेग सेकंदाला २० मीटर असला, तर हा विरोध वजनाच्या दुपटीच्या पुढे जातो. त्यात नळीचा कोन जरा बदलला किंवा वाऱ्याची झुळूक आली, की पल्ल्याचा आकडा कुठल्या कुठे जातो.

म्हणून वेग मोजावा, आणि त्यासाठी मोबाइल पुरतो. नळीच्या तोंडापासून २ मीटरवर पुठ्ठा उभा करा आणि फोन बरोबर मध्ये ठेवून आवाज रेकॉर्ड करा. फोन मध्यावर असल्याने दोन्ही आवाजांना त्याच्यापर्यंत यायला सारखाच वेळ लागतो, त्यामुळे ध्वनीच्या वेगाची वजाबाकी करावी लागत नाही. रेकॉर्डिंगमध्ये ब्लास्टरचा ‘फट्’ आणि पुठ्ठ्यावरचा ‘टप्प’ यांत ०.२ सेकंदाचे अंतर दिसले, तर सरासरी वेग सेकंदाला १० मीटर. एकाच मोजणीवर विसंबू नका. दहा-बारा मोजण्यांमध्ये आकडे किती विखुरतात, हेही तितकेच बोलके असते. डोळ्यांवर गॉगल हवाच.

समजा, वेग १२ वरून १० वर आला. घट किरकोळ वाटते, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे जवळजवळ ३१ टक्के ऊर्जा गेली. ती गेली कुठे?

आतली रचना सायकलच्या पंपासारखी आहे: स्प्रिंग सुटते, दट्ट्या हवा दाबतो, हवा डार्ट ढकलते. आधी नवे डार्ट घालून पाहा. वेग वाढला, तर दोष दबून सैल झालेल्या जुन्या फोमचा. नाही वाढला, तर गळती शोधा. दट्ट्याची रबरी रिंग वंगण सुकून कडक होते. मॅव्हेरिकमध्ये डार्ट भरायचे फिरते सिलिंडर आणि मागचा भाग यांच्यातल्या फटीतूनही हवा निसटते. सिलिंडरच्या एखाद्याच खाचेतला डार्ट सतत मंद जात असेल, तर संशय तिथेच घ्यावा.

स्प्रिंगची पाळी शेवटी. ब्लास्टर वर्षानुवर्षे ताणून ठेवला असेल, तर ती थोडी बसते. तरीही तिच्या जागी जाड स्प्रिंग घालण्याची घाई नको. जुन्या प्लास्टिकचा खटका तो ताण पेलेलच असे नाही. आधी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून वेग पुन्हा मोजावा.