संग्रहालय-सेवेची ओढ (गोवा)

संग्रहालयातील काम हा आयुष्यभराचा व्यवसाय म्हणून पत्करण्यामागची प्रेरणा. 'इतिहासाची आवड' हे मुलाखतीतले ठरलेले उत्तर. गोव्यात त्यामागे बहुधा नाहीशी होताना पाहिलेली एखादी वस्तू असते. जुने कौलारू घर पाडायला काढले की घाणा, पाटा-वरवंटा, पेटारा आधी अंगणात येतात आणि मग भंगारात जातात. बाणावलीचे 'गोवा चित्र' हे संग्रहालय चित्रकार व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी अशाच टाकून दिलेल्या अवजारांतून उभारले. त्यांच्या संग्रहात ४,००० हून अधिक वस्तू आहेत.

दुसरी ओढ गुंतागुंतीची. सत्तरी तालुक्यात गजलक्ष्मीचे शिल्प केळबाय म्हणून पुजले जाते. तशीच मूर्ती दालनात आली की तिच्यासमोर कोणी हात जोडतो, आणि नोंद करणाऱ्याला मात्र दगडाचा प्रकार आणि उंची लिहावी लागते. श्रद्धा आणि मोजपट्टी यांच्यामधली ही जागा काहींना अवघड वाटते, काहींना तीच धरून ठेवते. जुन्या गोव्यात असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या मठात १९६४ साली पुरातत्त्व संग्रहालय सुरू झाले. तिथे पोर्तुगीज गव्हर्नर जुवांव द कास्त्रो याने १५४७ मध्ये सुरू केलेली व्हाइसरॉयांच्या तसबिरींची मालिका आहे, आणि त्याच छपराखाली वीरगळ व सतीशिळाही. राशोल सेमिनारीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, १९९४ मध्ये सुरू होऊन २००२ मध्ये सांता मोनिका मठात गेलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय हेही असेच कोडे घालते. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत म्हणून पोर्तुगीज काळात बंदी घालावी लागली, म्हणजे ते त्या घडवतच होते! हस्तिदंती बाळयेशूच्या चेहऱ्यात स्थानिक हात ओळखू येऊ लागला, की माणूस या कामातून सहसा परत फिरत नाही.

प्रत्यक्ष काम यापेक्षा रूक्ष असते. समई आली तर तिच्या बुडाशी, दिसणार नाही अशा जागी, पारदर्शक लेपाचा नखाएवढा थर देतात. तो वाळला की बारीक लेखणीने क्रमांक लिहायचा, त्यावर पुन्हा लेप. वर्ष, त्या वर्षीची कितवी आवक, त्यातली कितवी वस्तू, एवढेच त्या क्रमांकात असते. धातूला हातमोजे घालून हात लावतात, कारण घामाचा डाग पितळेवर उमटतो. जुना कागद मात्र स्वच्छ कोरड्या हातांनीच हाताळणे बरे. जूनपासून खरी परीक्षा. दमट हवेने लाकडी मूर्तीवर बुरशी धरते, भिंतीतून वाळवी चढते, कागदाला कसर लागते. अभिरक्षकाचा (क्युरेटरचा) पावसाळा छताकडे बघण्यातच जातो.

प्रशिक्षणासाठी बरेच जण राज्याबाहेर जातात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. परतल्यावर पदे मोजकीच असतात, त्यातली काही कंत्राटी. राज्य संग्रहालय १९७७ मध्ये पणजीत सुरू झाले, १९९६ मध्ये शहरातल्याच पाटो भागातील इमारतीत आले, पुढे तीही सोडावी लागली. संग्रह हलवताना पेटीतल्या वस्तूची नोंदवहीशी गाठ घालत बसावे लागते, आणि वीस वर्षांपूर्वीच्या सहकाऱ्याचे अक्षर सुवाच्य असले तर त्याला मनोमन नमस्कार केला जातो.

वस्तू देणारे कुटुंब कधीतरी येतेच: "आमची समई खंय मांडल्या?" ती मांडलेली नसते, बहुतेक संग्रह कोठारातच राहतो. मग नोंदवही उघडते, क्रमांक सापडतो, कप्पा ओढला जातो, आणि म्हातारीला समई बुडाकडून दाखवली जाते.