कानसेन

कानसेन म्हणजे स्वतः गात किंवा वाजवत नसूनही ज्याचा कान गाण्यासाठी तयार झाला आहे असा श्रोता. अकबराच्या दरबारातील तानसेनाच्या नावावर बेतलेला हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की ‘तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं’ हे वाक्य गाण्याची आवड असलेल्या घरांत म्हणीसारखे वापरले जाते. रसिक आणि जाणकार हे त्याचे जवळचे शब्द, पण अर्थ तंतोतंत तोच नाही. रसिकाला गाणे आवडते, जाणकाराला त्याचे शास्त्र ठाऊक असते. कानसेनाच्या बाबतीत आवडणे आधी येते आणि कळणे मागाहून, तेही पुस्तकातून नव्हे, ऐकून ऐकून. मराठी श्रोत्यापर्यंत गेल्या दीडशे वर्षांत नवे संगीत कोणकोणत्या वाटांनी पोहोचले आणि त्यातून त्याची आवड कशी घडली, याचा विचार या शब्दाच्या आधाराने करता येतो.

कान तयार होणे

लहानपणी कानावर पडणारे गाणे कोणी निवडलेले नसते. अंगाई, आरत्या, शेजारच्या देवळातले भजन, लग्नातली सनई हे सगळे आपोआप आत जाऊन बसते. एखादी गोष्ट केवळ पुन्हा पुन्हा समोर आल्यानेही आवडू लागते, असे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले. मराठीत याला ‘गोडी लागणे’ म्हणतात. मात्र गोडी लागणे आणि कान तयार होणे यांत अंतर आहे, आणि ते बहुतेकदा दुसऱ्या माणसाच्या सोबतीने पार होते.

ख्यालाच्या, म्हणजे रागदारी गायनाच्या एका प्रमुख प्रकाराच्या, मैफलीत हे डोळ्यांनी पाहता येते. विलंबित, म्हणजे संथ, लयीत तालाचे एक आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरा, पुरे व्हायला बराच वेळ लागतो. नवख्याला वाटते, गायक नुसताच फिरतो आहे, काही घडतच नाही. अशा वेळी त्याची नजर शेजारी मांडी घालून बसलेल्या वयस्कर माणसाच्या हाताकडे जाते. तो हात गुडघ्यावर अगदी हलका पडत असतो. तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे तळहात उताणा. मधल्या मात्रा अंगठा बोटांच्या पेरांवर मोजतो. मग गायक बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिच्या सुरुवातीचे शब्द, उचलतो, तो हात थांबल्यासारखा होतो, आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्या खोलीतल्या माना एकदम खाली येतात. कुणाच्या तरी तोंडून ‘वा!’ निसटते. नवख्याला त्या दिवशी सम गाण्यातून कळत नाही, ती माना बघून कळते. पुढे कधीतरी, कुणाकडे न बघता, त्याची स्वतःची मान आधी हलते. गाण्याचा श्रोता म्हणून त्याचा खरा आरंभ त्या क्षणी झालेला असतो.

अशा बैठकांना आधार देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात लवकर उभ्या राहिल्या. पुण्याचा गायन समाज १८७४ चा, कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा. तोवर चांगले गाणे प्रामुख्याने दरबारात किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात होई, आणि तिथे सामान्य माणसाला शिरकाव नव्हता. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पैसे मोजून कुणीही येऊन बसावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

नाटकाची वाट

मराठी माणसाच्या संगीतरुचीवर सर्वांत खोल ठसा उमटवला तो संगीत नाटकाने. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. सुरुवातीच्या पदांच्या चाली साध्या, ओळखीच्या, कीर्तनाला आणि साकी-दिंडी या जुन्या पद्यप्रकारांना जवळच्या होत्या. पुढे ‘मानापमान’ (१९११) साठी गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ (१९१६) साठी भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा रागदारीच नाट्यगृहात आली. भास्करबुवा तीन घराण्यांच्या उस्तादांकडे शिकलेले. त्यांनी बंदिशींची वळणे मराठी शब्दांत बसवली आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून ती रात्र रात्र जागणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत गेली.

याचा परिणाम उलट्या क्रमाने झाला, आणि तोच इथे महत्त्वाचा आहे. लोकांनी आधी यमन राग शिकून मग ‘स्वयंवर’मधले ‘नाथ हा माझा’ ऐकले नाही. त्यांनी ते पद शंभरदा गुणगुणले आणि बऱ्याच वर्षांनी एखाद्या मैफलीत यमन सुरू झाल्यावर ‘अरे, हे तर आपलंच’ असे त्यांना वाटले. भीमपलास रागाची ओळख अशीच ‘स्वकुलतारक सुता’ या पदातून झाली. परक्या वाटणाऱ्या संगीताकडे जाण्यासाठी ओळखीच्या चालीचा पूल लागतो आणि मराठी समाजाला तो नाटकाने बांधून दिला. नाट्यसंगीताला शास्त्रीय संगीताची पातळ आवृत्ती समजणाऱ्यांना हा पूल दिसत नाही.

नाट्यगृहातला ‘वन्स मोअर’ हाही आवड घडवणारा प्रकार होता. एकाच रात्री तेच पद दोन-तीनदा कानी पडे, शिवाय सगळे थिएटर मागते आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार, अशी खात्री पटे. इतरांच्या पसंतीचा हा जोर किती असतो, हे २००६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात दिसले. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी चौदा हजारांहून अधिक लोकांपुढे अनोळखी गायकवृंदांची ४८ गाणी ठेवली. ज्यांना इतरांनी कोणते गाणे किती वेळा डाउनलोड केले हे दिसत होते, त्यांच्यात लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, आणि कोणते गाणे वर जाईल याचा अंदाज बांधणे अधिक अवघड झाले. गाण्याचा दर्जा अगदी निरर्थक ठरला नाही, पण तो एकटा पुरलाही नाही.

तबकडी

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासाभराचा ख्याल त्यात कोंबायचा म्हणजे आलापी जवळजवळ सोडून द्यावी लागे. तरीही या तीन मिनिटांनी जे केले ते दरबारांना जमले नव्हते. चावी भरायची, सुई टोचायची, कर्ण्यासमोर बसायचे आणि संपले की पुन्हा सुई मागे न्यायची. ज्याच्या घरी फोनो नव्हता तो दुकानासमोर किंवा हॉटेलात उभा राहून ऐके.

गदगमधला एक मुलगा असाच दुकानात लावलेल्या तबकडीपाशी खिळून राहिला. ती होती अब्दुल करीम खाँची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटी रागातली ठुमरी. असे गायला शिकायचे या एका ध्यासाने तो १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर अशी वणवण करून अखेर तो घराजवळच कुंदगोळला, अब्दुल करीम खाँचेच शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांपाशी पोहोचला. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी (१९२२–२०११). गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव पुढे हजारो श्रोत्यांच्या कानांची शाळा झाला.

कुमार गंधर्वांनी (१९२४–१९९२) तर बालवयात मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवल्या. त्यांचे ऐकणे तिथे संपले नाही. क्षयाने आजारी असताना ते १९४८ मध्ये देवासला राहायला गेले. गाणे बंद होते, पडून राहणे भाग होते, आणि अंथरुणावरून माळव्यातली लोकगीते कानी येत होती. त्यांच्या पुढच्या रागनिर्मितीत आणि निर्गुणी भजनांत ते ऐकणे उतरले. एवढा घडलेला कानही नव्याने घडू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

रेडिओ : दिलेले आणि मागितलेले

१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीत घराघरांत जावे ही त्यांची कळकळ खरी होती. त्याच वर्षी आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि अनेक कलावंतांना देशभर श्रोते मिळाले. पण त्याच सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि लोकांनी रेडिओची कळ फिरवून रेडिओ सिलोन हे श्रीलंकेतले केंद्र लावले. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ १९५२ मध्येच सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. आवड वरून लादता येत नाही, हे यातून दिसले. पण केसकरांचा प्रयत्न वाया गेला असे म्हणणेही अन्यायाचे आहे. शनिवारच्या रात्रीची ती मैफल ऐकत वाढलेले कितीतरी लोक गावोगाव होते आणि त्यांच्या गावात कधी एकही मोठा गवई आला नव्हता.

मधली वाट आकाशवाणीच्या पुणे केंद्राला सापडली. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत देत ५६ गीतांनी पुरे झाले. कथा सर्वांना ठाऊक, शब्द सोपे, चाली रागांवर उभ्या आणि दर गीतासाठी ठरलेली वेळ. नाटकाने बांधलेला पूल इथे पुन्हा वापरात आला.

कानसेन या शब्दाची मर्यादा

हा शब्द बहुधा ख्याल ऐकणाऱ्या, पांढरपेशा, शहरी श्रोत्यासाठी वापरला जातो. ही संकुचित वापरणी सोडायला हवी. वारकऱ्यांच्या भजनात ऐकणारा आणि गाणारा वेगळे नसतातच. टाळ हातात आला की ताल अंगात शिरतो. तमाशाच्या फडापुढे बसलेल्या प्रेक्षकाला ढोलकीचा हात कुणाचा चांगला हे सांगायला कुठल्या मंडळाचे सभासद व्हावे लागत नाही. आंबेडकरी जलशांतून आणि वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) गीतांतून वस्त्यावस्त्यांत असा चोखंदळ श्रोता तयार झाला की गायकाने शब्द चुकवला तर तो मागून दुरुस्त करी. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, तेव्हा भीमगीते, भक्तिगीते, लोकगीते मोठ्या कंपन्यांच्या पसंतीवाचूनही घरोघर गेली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गणपतीच्या मांडवात आणि एस. टी. स्टँडवरच्या टपरीत सारखाच ओळखीचा झाला तो याच काळात. शिवाय कॅसेटवर हवे ते भरता येई. मित्राने निवडून भरून दिलेली, कागदी पट्टीवर बॉलपेनने गाण्यांची नावे लिहिलेली कॅसेट म्हणजे त्याने आपल्या कानाची केलेली वाटणीच होती.

वय आणि आवड

मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांचा कल आपण साधारण तेवीस-चोवीस वर्षांचे असताना गाजलेल्या गाण्यांकडे सर्वाधिक आढळला. बालगंधर्वांच्या पिढीला नंतरचे नाट्यसंगीत फिके वाटले, पुढच्यांना भीमसेन आणि वसंतराव देशपांडे यांच्यानंतर गाणे संपले असे वाटले. यात कुणी खोटे बोलत नाही. त्या वयात ऐकलेले अधिक खोल जाते, एवढेच.

ॲपच्या सुचवण्या

आज नवे गाणे बहुतेकदा ॲप सुचवते. ‘हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकले’ हा त्या हिशोबाचा मोठा आधार. शेजारच्या जाणकाराचे काम यंत्राकडे गेले आहे आणि काही बाबतींत ते यंत्र उदार आहे: दूर देशात वाढणाऱ्या मराठी मुलाला एका बोटावर किराणा आणि जयपूर दोन्ही घराणी मिळतात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांनी आणि हौशी संग्राहकांनी जपलेल्या जुन्या तबकड्याही आता सहज ऐकायला मिळतात. पण हा हिशोब सुट्या गाण्यांसाठी केलेला आहे. मैफलीतला एक राग तिथे विलंबित, द्रुत (जलद), तराणा अशा तीन तुकड्यांत ठेवलेला असतो आणि शफल, म्हणजे क्रम न पाळता गाणी लावण्याची सोय, चालू राहिली की द्रुत आधी लागतो, मग मध्येच दुसऱ्याच गायकाचे भजन. विलंबितात तासभर उभारलेला राग मनात नसताना द्रुत ऐकला, तर त्यातली धाव कळते, ती कुठून आली ते कळत नाही. म्हणून नव्याने ख्याल ऐकू लागलेल्याला जुने श्रोते पहिली सूचना देतात ती हीच : शफल बंद कर आणि पहिल्या तुकड्यापासून ऐक.