न दिसणारे एक्स्टेन्शन: एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

ऑनलाइन अर्जाला ‘जेपीजी’ फोटो हवा असतो, म्हणून आपण फाइलचे नाव बदलून ‘फोटो.जेपीजी’ करतो. पडद्यावर नाव तसेच दिसते, तरी अर्ज फोटो नाकारतो, कारण मूळ चित्र ‘पीएनजी’ या दुसऱ्या प्रकारचे असते आणि फाइलचे खरे नाव ‘फोटो.जेपीजी.पीएनजी’ झालेले असते. एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाअखेरची अक्षरे, आपोआप बदलल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ असे न दिसणाऱ्या अक्षरांत असते.

नावानंतर टिंब देऊन तीन अक्षरे लिहिण्याची पद्धत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संगणकांवर आधीपासून होती. गॅरी किल्डॉल यांनी 1974 साली लिहिलेल्या सीपी/एम या संगणक चालवणाऱ्या प्रणालीमध्ये ती आली आणि तिथून 1981 च्या एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीने उचलली. डॉसमध्ये नावाला 8 आणि एक्स्टेन्शनला 3 अक्षरांची जागा होती. डिस्कवर ही 11 अक्षरे सलग लिहिली जात आणि मधले टिंब साठवलेच जात नसे. 1984 च्या मॅकिंटॉशने वेगळी वाट धरली. तिथे फाइलचा प्रकार आणि ती बनवणारा प्रोग्राम यांचे प्रत्येकी चार अक्षरी संकेत नावाबाहेर नोंदलेले असत, त्यामुळे नाव काहीही ठेवले तरी फाइलची ओळख पुसली जात नसे. माझ्या मते हीच रचना अधिक शहाणपणाची होती.

1995 च्या विंडोजने 255 अक्षरांपर्यंतची नावे दिली, पण ओळखीच्या प्रकारांचे एक्स्टेन्शन लपवण्याची सोय मुळातच चालू ठेवली. फाइल उघडणारा प्रोग्राम निवडण्याचे काम त्याच अक्षरांवर सोपवलेले असताना ती वापरणाऱ्याच्या नजरेआड करणे ही मोठी चूक होती. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ विषाणूने नेमका तिचा फायदा घेतला: ईमेलसोबत आलेल्या फाइलच्या नावाअखेर ‘टीएक्सटी’ दिसे आणि त्यामागचे, प्रोग्रामची खूण असलेले ‘व्हीबीएस’ झाकलेले राही. साधा मजकूर समजून लोकांनी चालता प्रोग्राम उघडला.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात ही अक्षरे दिसती करण्यापासून करावी. विंडोज 11 मध्ये फोल्डर उघडून ‘व्ह्यू’, मग ‘शो’ आणि तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ निवडले की खरे नाव समोर येते. मात्र शेवटचे ‘पीएनजी’ खोडल्याने चित्र जेपीजी होत नाही. पीएनजी फाइलच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटमध्ये ‘पीएनजी’ हीच अक्षरे लिहिलेली असतात आणि नाव बदलले तरी ती तिथेच राहतात. चित्र पेंटमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’मधून जेपीजी म्हणून जतन करावे लागते.