घोड्याची चाल आणि ‘हिप्पोथेरपी’ या नावाचा घोळ

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं) रौप्यपदक जिंकलेल्या डॅनिश महिलेच्या पायांत पोलिओमुळे गुडघ्याखाली ताकद नव्हती. घोड्यावर चढाय-उतरायला तिला मदत लागे. उपचार म्हणून घोडेस्वारीचे प्राचीन ग्रीकांचे दाखले बाजूला ठेवले, तर अपंग मुलांसाठीच्या घोडेस्वारीला खरा जोर इथून आला. १९६९ साली ब्रिटन आणि अमेरिकेत यासाठी राष्ट्रीय संघटनाही उभ्या राहिल्या.

घोळ सुरू झाला तो जर्मन भाषक देशांतून आलेल्या ‘हिप्पोथेरपी’ या शब्दापासून. (हिप्पो म्हणजे ग्रीकमध्ये घोडा. आपल्याला पाणघोडा आठवतो, पण त्याच्या नावातही घोडा आहेच.) यात मूल स्वारी शिकत नाही. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडल्याने) ज्याच्या मांड्या कात्रीसारख्या आवळल्या जातात, त्याला खोगिराऐवजी जाड गादीवर बसवतात. एक जण घोडा धरतो, दोघं दोन बाजूंनी चालतात. घोडा चालू लागला की मुलाची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि किंचित वळतेही, थेट माणसाच्या चालण्यासारखी. थेरपिस्ट घोडा थांबवायला, वळवायला, वेग बदलायला सांगते आणि दर वेळी मुलाला तोल सावरावा लागतो. ‘थेरप्युटिक रायडिंग’ वेगळं: तिथे प्रशिक्षक असतो आणि लगाम मुलाच्या हातात.

१९८७ मध्ये अमेरिका-कॅनडातले काही थेरपिस्ट हे शिकायला जर्मनीला गेले. पुढे १९९२ साली त्यांची वेगळी संघटना झाली. त्यांचं म्हणणं नेमकं होतं: घोड्याची चाल हे फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी) आणि स्पीच थेरपीतलं एक साधन आहे, हिप्पोथेरपी ही निराळी उपचारपद्धती नव्हे. म्हणणं बरोबर, पण नाव असं की निराळी पद्धतीच वाटावी! विमा कंपन्यांनी तेच धरलं. बिलावर ‘हिप्पोथेरपी’ दिसलं की अनेक कंपन्या ‘प्रायोगिक’ म्हणून पैसे नाकारत. थेरपीत व्यायामाचा मोठा चेंडूही साधनच, पण त्याला असला प्रश्न कुणी विचारत नाही.

विमा कंपन्यांच्या आक्षेपात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. २००३ च्या एका अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेली १५ मुलं होती. काही ८ मिनिटं घोड्यावर, बाकीची तेवढाच वेळ पिंपावर पाय फाकून बसवलेली. घोड्यावरच्यांच्या स्नायूंतला डाव्या-उजव्या बाजूंचा असमतोल कमी झाला, पिंपावरच्यांचा तेवढा नाही. पण मुलं १५, आणि परिणाम मोजला तो लगेचचा.

१९६९ सालच्या त्या अमेरिकी संघटनेनं २०११ मध्ये आपल्या नावातला ‘हँडिकॅप्ड’ शब्द काढला. अलीकडे तर ‘थेरप्युटिक रायडिंग’ही टाळा, थेरपिस्ट नसेल तिथे ‘अडॅप्टिव्ह रायडिंग’ म्हणा, अशी शिफारस तिथे झाली आहे. पालक मात्र अजून ‘हॉर्स थेरपी’च म्हणतात.